डेस्कटॉपवरील दृश्यपरिणाम आणि जुनी ग्राफिक्स कार्डे

विंडोची चौकट काचेसारखी अर्धपारदर्शक दिसणे, तिच्या कडेला सावली पडणे, लहान करताना ती मुरडत टास्कबारात शिरणे, एका कार्यपटलावरून (वर्कस्पेस) दुसऱ्यावर जाताना अख्खा पडदा घनासारखा फिरणे अशा करामतींना दृश्यपरिणाम म्हणतात. बोलण्यात ‘इफेक्ट्स’ हाच शब्द रूढ आहे. काही मराठी लेखनात विंडोला ‘खिडकी’ म्हटलेले आढळते; येथे विंडो हाच शब्द ठेवला आहे. साधारणतः २००२ नंतर हे परिणाम मुख्य प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपकडून करून घेतले जाऊ लागले आणि जुने कार्ड नव्या डेस्कटॉपला चालेल का, हा प्रश्न उभा राहिला.

परिणामांच्या मुळाशी संमिश्रण ही क्रिया आहे. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम थेट पडद्याच्या मेमरीत चित्र काढी. झाकला गेलेला भाग कुठेही साठवलेला नसे. वरची विंडो हलली की खालच्या प्रोग्रॅमने तो पुन्हा काढायचा. तो प्रोग्रॅम अडकून पडला असेल तर वरची विंडो ओढताना तिच्या प्रतींची लांबलचक माळ पडद्यावर उमटे. विंडोज एक्सपी वापरलेल्या कोणालाही हे दृश्य आठवेल. संमिश्रणात प्रत्येक विंडो स्वतःच्या राखीव मेमरीत काढली जाते आणि एक स्वतंत्र प्रोग्रॅम त्या सगळ्यांचे थर रचून अंतिम चित्र तयार करतो. एकदा थर वेगळे झाले की सावली किंवा पारदर्शकता हे फक्त गणित उरते.

उगम : हे तंत्र प्रथम कोणी आणले याविषयी एकमत नाही. मतभेदाचे कारण बहुधा ‘हे तंत्र’ म्हणजे नेमके काय, यातच आहे. थर एकमेकांवर बसवण्याचे गणित एवढाच अर्थ घेतला, तर १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात जावे लागते. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमुल व आल्वी रे स्मिथ यांनी प्रत्येक बिंदूच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या मूल्यांना पारदर्शकतेच्या चौथ्या मूल्याची, म्हणजे अल्फाची, जोड दिली. टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४च्या निबंधात अशा थरांच्या क्रियांचे नियम बांधले. मात्र ही मंडळी चित्रपटाच्या चौकटींचा विचार करत होती, डेस्कटॉपचा नव्हे. दुसरे मत नेक्स्टस्टेप या प्रणालीला मान देते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या प्रणालीत विंडोतील चित्र पडद्याबाहेरच्या मेमरीत राखण्याची सोय होती आणि पोर्टर-डफ यांच्या क्रियाही होत्या. १९८५च्या अमिगा संगणकाचाही दाखला दिला जातो. तेथे मात्र विंडो नव्हे, तर संपूर्ण पडदेच एकमेकांवर सरकत, त्यामुळे तो दावा थोडा ताणलेला वाटतो.

मार्च २००१मध्ये आलेल्या मॅक ओएस टेन प्रणालीत सर्व विंडोंचे संमिश्रण होऊ लागले, पण ते सारे काम मुख्य प्रोसेसर करी आणि मंदपणाची तक्रार त्यातूनच येई. ऑगस्ट २००२च्या १०.२ आवृत्तीत क्वार्ट्झ एक्स्ट्रीम आले व अंतिम रचना ग्राफिक्स चिपकडे गेली. कार्डाच्या पात्रतेची स्पष्ट अटही तेव्हाच आली : दुप्पट वेगाचा एजीपी मार्ग (मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्डासाठीच राखलेला जोडमार्ग) आणि किमान १६ मेगाबाइट मेमरी. प्रस्तुत विषय कार्डांचा असल्याने येथे हीच सीमारेषा मानणे सोयीचे आहे.

लिनक्सच्या बाजूला पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या एक्स.ऑर्ग या प्रोग्रॅमच्या ६.८ आवृत्तीत (२००४) कंपोझिट हे संमिश्रणासाठीचे विस्तारक आले. २००६च्या आरंभी डेव्हिड रेव्हमन यांचे एक्सजीएल (पडदा ग्राफिक्स चिपकडून काढून घेणारा प्रोग्रॅम) व कॉम्पिझ (विंडोंचे संमिश्रण करणारा प्रोग्रॅम) प्रसिद्ध झाले आणि ओढताना थरथरणाऱ्या विंडो व फिरणारा घन यांची चर्चा संगणकवेड्यांत पसरली. त्याच वर्षी कॉम्पिझपासून बेरिल ही शाखा फुटली व २००७मध्ये कॉम्पिझ फ्यूजन या नावाने पुन्हा जुळली. ऑक्टोबर २००७च्या उबंटू ७.१० या लिनक्स प्रणालीत परिणाम मुळातच सुरू असत, पण त्रासदायक चिपांची यादी जोडून त्यांच्यावर ते आपोआप बंद ठेवले जात. विंडोजमध्ये एरो हे काचेसारखे रूप व्हिस्टाबरोबर ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसाधारण ग्राहकांपर्यंत आले. व्हिस्टाच्या होम बेसिक आवृत्तीत मात्र कार्ड कितीही भारी असले तरी काचेचे रूप मिळत नसे.

मेमरी आणि मार्ग : १०२४ × ७६८ आकाराच्या एका पूर्ण विंडोला, प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरून, ३ मेगाबाइट लागतात, १२८० × १०२४ ला ५. दहा विंडो उघडल्या की हा आकडा ५०वर जातो आणि ३२ मेगाबाइटच्या कार्डाची घागर भरते. व्हिस्टाची अट याच हिशेबाला धरून होती : १३,१०,७२० बिंदूंपर्यंत (म्हणजे १२८० × १०२४) ६४ मेगाबाइट, २३,०४,००० बिंदूंपर्यंत (१९२० × १२००) १२८ मेगाबाइट आणि त्यापुढे २५६. कार्ड बसते त्या मार्गाचाही प्रश्न होता. १०२४ × ७६८चा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने पाठवायचा तर सुमारे १८९ मेगाबाइट दर सेकंदाला वाहून न्यावे लागतात. साध्या पीसीआय मार्गाची (सर्व प्रकारच्या कार्डांसाठीचा जुना सामाईक जोडमार्ग) कमाल क्षमता १३३ आहे. दुप्पट वेगाच्या एजीपीची ५३३. साध्या पीसीआय खाचेतील कार्डे आधी बाद का झाली, हे यावरून कळते.

मात्र वेग व मेमरी यांपेक्षा कार्डाला काय करता येते आणि त्याचा ड्रायव्हर (प्रणाली व कार्ड यांना जोडणारा प्रोग्रॅम) कोणी लिहिला, या दोन गोष्टींवर निकाल अधिक वेळा लागला. एरोला डायरेक्टएक्स ९ (विंडोजची ग्राफिक्ससाठीची आज्ञावली), पिक्सेल शेडर २.० (प्रत्येक बिंदूचा रंग ठरवणारे छोटे प्रोग्रॅम चिपवर चालवण्याची सोय) आणि डब्ल्यूडीडीएम या व्हिस्टाच्या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर लागे. येथे कार्डांची नावे सरळ दिशाभूल करत. जीफोर्स ३ (२००१) मध्ये शेडर होते, तर त्यानंतर आलेल्या जीफोर्स ४ एमएक्समध्ये (२००२) नव्हते. ते मुळात जीफोर्स २च्या वंशातले. रेडिऑन ९५०० व ९७०० डायरेक्टएक्स ९ची, पण ९२०० हे ८.१चे. आकडा मोठा म्हणजे कार्ड नवे, हा ग्राहकाचा समज आणि कंपन्यांचे नामकरण यांचा मेळ क्वचितच बसे.

इंटेल ९१५चा वाद : जून २००४मध्ये आलेल्या इंटेल ९१५ चिपसेटमध्ये (मदरबोर्डवरील चिपांचा संच) जीएमए ९०० हा ग्राफिक्स भाग होता, तर २००५च्या ९४५मध्ये जीएमए ९५०. दोन्हींत चार पिक्सेल नलिका (बिंदू रंगवण्याच्या समांतर वाटा), दोन्हींत पिक्सेल शेडर २.०, दोन्हींत आकृतींच्या शिरोबिंदूंचे गणित मुख्य प्रोसेसरवर. ठळक फरक गतीचा : ३३३ मेगाहर्ट्झ व ४०० मेगाहर्ट्झ. तरीही ९५०वर एरो चाले आणि ९००वर नाही, कारण ९००साठी डब्ल्यूडीडीएम ड्रायव्हर आलाच नाही. अनेक प्रोग्रॅमांची कामे आलटून-पालटून करण्यासाठी डब्ल्यूडीडीएमला चिपमध्येच जी व्यवस्था अपेक्षित होती ती ९१५मध्ये नव्हती, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते असंभव नाही. एका वेळी अनेक प्रोग्रॅमांत चिप वाटून देणे हा त्या पद्धतीचा गाभाच होता. पण त्याच ९१५वर लिनक्समध्ये एआयजीएलएक्स या एक्सजीएलच्या पर्यायाच्या आधारे कॉम्पिझ बऱ्यापैकी चाले, हेही तितकेच खरे. त्यामुळे ‘चिपला जमत नव्हते’ यापेक्षा ‘त्या ड्रायव्हर-पद्धतीत ती बसवली गेली नाही’ हे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

वाद न्यायालयात गेला तो स्टिकरवरून. ९१५ असलेल्या अनेक संगणकांवर ‘व्हिस्टा कॅपेबल’ असे लिहिलेले होते. काचेचे रूप मिळण्यासाठी मात्र ‘प्रीमियम रेडी’ हे दुसरे लेबल हवे होते. २००७मध्ये सिॲटलच्या संघराज्य न्यायालयात दावा दाखल झाला. फेब्रुवारी २००८मध्ये त्याला ग्राहकसमूहाच्या दाव्याचा दर्जा मिळाला आणि फेब्रुवारी २००९मध्ये तो दर्जा काढून घेण्यात आला. दरम्यान उघड झालेल्या अंतर्गत ईमेलांवरून ९१५ सामावली जावी म्हणून पहिल्या लेबलाची अट सैल केल्याचे दिसते.

पोताची मर्यादा : संमिश्रणात प्रत्येक विंडो चिपच्या दृष्टीने एक पोत (टेक्स्चर, म्हणजे आकृतीवर चिकटवायचे चित्र) असते, आणि जुन्या चिपांना पोताच्या आकाराची कमाल मर्यादा असते. जीएमए ९०० व ९५०वर ती २०४८ × २०४८ होती. एक मॉनिटर असेल तर अडचण नसे. १२८०चे दोन मॉनिटर शेजारी लावले की डेस्कटॉपची रुंदी २५६० होई आणि परिणाम बंद पडत किंवा मर्यादेपलीकडची विंडो काळी दिसे. मॉनिटर वर-खाली मांडले, तर १०२४ची दुप्पट नेमकी २०४८ भरते! टेबलावर मॉनिटर शेजारीच ठेवून प्रणालीत त्यांची मांडणी उभी सांगायची, ही युक्ती यावरूनच निघाली. माउस मात्र मग उजवीकडे जाण्यासाठी खाली न्यावा लागे.

मुंबईतील बाजार व वापर : मुंबईत हा विषय लॅमिंग्टन रोडशी जोडलेला आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव लावणाऱ्या या रस्त्याचे अधिकृत नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. ग्रँट रोड स्टेशनला उतरून ते नाव विचारल्यास बहुधा पुन्हा ‘लॅमिंग्टन का?’ असाच प्रतिप्रश्न येतो. रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांतून येथील संगणकबाजार वाढला असे मानतात. असेंबल्ड मशीनच्या काळात बहुतेक गिऱ्हाइके ‘ऑनबोर्ड’, म्हणजे मदरबोर्डवरच असलेल्या, ग्राफिक्सवरच भागवत, आणि परिणाम हवे झाले की वापरलेले कार्ड ‘टेस्टिंग वॉरंटी’वर घेत; म्हणजे दुकानात चालवून दाखवले की जबाबदारी संपली.

ही चाचणी पाहण्यासारखी असे. काउंटरवर पुठ्ठ्याच्या खोक्यावर उघडा मदरबोर्ड ठेवलेला. दुकानदार कार्डाची सोनेरी पट्टी शाळेतल्या खोडरबराने घासतो, रबराचा चुरा फुंकून उडवतो, कार्ड खाचेत दाबतो आणि स्विच नसल्याने दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जोडून बोर्ड सुरू करतो. पडदा उजळला की “बघा, डिस्प्ले आला.” खोडरबर हा केवळ रिवाज नाही. खाऱ्या, दमट हवेत संपर्कबिंदूंवर थर बसतो आणि पावसाळ्याअखेर चांगली कार्डेही मेल्यासारखी वागतात. पण डिस्प्ले येणे आणि इफेक्ट्स चालणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, आणि काउंटरवर पहिलीच होई. घरी नेलेले जीफोर्स ४ एमएक्स ४४० चित्र उत्तम दाखवी, एरो नाही.

एक खुलासा आवश्यक आहे. जुन्या मशीनवर मराठी जोडाक्षरे तुटून दिसणे व कार्ड जुने असणे यांचा संबंध नाही. विंडोजमध्ये अक्षरजुळणी युनिस्क्राइब हा भाग मुख्य प्रोसेसरवर करी. एक्सपीत प्रादेशिक सेटिंगमधून गुंतागुंतीच्या लिप्यांचा आधार सीडीवरून चढवला की काम होई.

नंतरची स्थिती : एप्रिल २०११च्या ग्नोम ३ या लिनक्स डेस्कटॉपला त्रिमिती प्रवेगक आवश्यक होता, जुन्या कार्डांसाठीची पर्यायी रचना ३.८मध्ये (२०१३) काढली गेली आणि तिच्या जागी प्रोसेसरवर चालणारे एलएलव्हीएमपाइप आले, जे जुन्या प्रोसेसरवर अर्थातच जड जाते. मेसा या लिनक्समधील ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचाच्या २०२२च्या २२.० आवृत्तीतून पहिल्या पिढ्यांच्या रेडिऑन व जीफोर्स चिपांचे ‘क्लासिक’ ड्रायव्हर मुख्य शाखेतून निघाले व अँबर या जुन्या ड्रायव्हरांच्या शाखेत ठेवले गेले. एक्सएफसीईसारख्या हलक्या डेस्कटॉपांत संमिश्रण बंद करता येते, म्हणून जुन्या यंत्रांवर तेच पसंत केले जातात. विंडोज ११ला (ऑक्टोबर २०२१) डायरेक्टएक्स १२शी सुसंगत ग्राफिक्स व डब्ल्यूडीडीएम २.० ड्रायव्हर लागतो. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

क्लासमधील किंवा ऑफिसातील मंद मशीनवर मेकॅनिकची पहिली कृती ठरलेली असे : माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्स आणि ‘ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’. एक्सपी ते विंडोज ७पर्यंत हा उतारा खरोखर लागू पडे. विंडोज ८ (२०१२) पासून संमिश्रण बंद करण्याची सोयच राहिली नाही. कार्ड असमर्थ असेल तर तेच काम प्रोसेसरवर होते. तोच पर्याय आजही निवडता येतो, पण त्याने सावल्या व हालचाली तेवढ्या जातात, संमिश्रण चालूच राहते.