लॅपटॉप सुरू न होणे : दोषशोध व नाशिकमधील दुरुस्ती

पॉवरचे बटण दाबूनही लॅपटॉप वापरण्याजोगा न होणे, या एका तक्रारीत चार वेगवेगळे दोष येतात. पहिल्यात दिवाही लागत नाही. दुसऱ्यात दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. तिसऱ्यात कंपनीचा लोगो येतो आणि लॅपटॉप तिथेच अडकतो किंवा पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहतो. चौथ्यात काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा निळ्या पडद्यावर एखादा एरर दिसतो. दुकानात यांना अनुक्रमे 'डेड', 'नो डिस्प्ले', 'लोगोवर हँग' आणि 'विंडोजचा प्रॉब्लेम' म्हणतात. नाशिकमध्ये कॉलेज रोडला, कॅनडा कॉर्नरला किंवा महात्मा गांधी रस्त्यावर दुकानात आलेला ग्राहक मात्र चारही वेळा 'चालूच होत नाहीये' एवढेच सांगतो. ऐकणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारला नाही, तर गोष्ट थेट 'फॉरमॅट मारून बघू' इथवर जाते. मूळ दोष रॅमचा असेल तर तो फॉरमॅटनंतरही तसाच राहतो, डेटा मात्र गेलेला असतो.

म्हणून लॅपटॉप कुठल्या पायरीवर थांबला ते आधी शोधायचे आणि स्क्रू त्यानंतर काढायचे.

सुरू होण्याचा क्रम

सॉकेटमधली 230 व्होल्टची एसी वीज ॲडॅप्टर डीसीत बदलतो. बहुतेक लॅपटॉपसाठी ती 19 ते 20 व्होल्ट असते. चार्जिंग पिनमधून ती मदरबोर्डवर येते. तिथे चार्जिंगची आयसी म्हणजे छोटी चिप ॲडॅप्टर आणि बॅटरी यांतली कुठली वीज वापरायची ते ठरवते आणि पुढे 3.3 व 5 व्होल्टचे दोन पुरवठे तयार होतात. हे दोन्ही पुरवठे बटण दाबण्याआधीच हजर असावे लागतात, कारण बटणावर लक्ष ठेवणारा एम्बेडेड कंट्रोलर त्यांवरच जिवंत असतो. कारागीर त्याला 'आयओ' म्हणतात. बटण दाबले की तो रॅम, चिपसेट, प्रोसेसर यांचे पुरवठे ठरलेल्या क्रमाने चालू करतो. मग प्रोसेसर बायोसच्या, म्हणजे लॅपटॉप जागा करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, चिपमधून पहिल्या सूचना वाचतो, रॅम तपासतो, पडदा पेटवतो आणि शेवटी एसएसडी किंवा हार्ड डिस्कवर विंडोज शोधायला लागतो. नव्या लॅपटॉपमध्ये जुन्या बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे, पण बाजारात दोघांनाही बायोसच म्हणतात.

या क्रमाचा उपयोग असा, की जी पायरी पार झालेली दिसते तिच्या मागचे सगळे बहुतांशी ठीक आहे असे धरून चालता येते. लोगो उमटला म्हणजे पडदा आणि प्रोसेसर काम करत आहेत आणि रॅमही निदान पहिल्या तपासणीत उतरली आहे. तिथे ॲडॅप्टर बदलण्यात पैसे घालू नयेत. दिवाच लागत नसेल तर विंडोजबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

दिवाच लागत नाही तेव्हा

सॉकेट बदलून पाहणे, एक्स्टेंशन बोर्ड मधून काढणे आणि ॲडॅप्टरची वायर दोन्ही टोकांना घट्ट बसवणे, एवढ्यावर बऱ्याच तक्रारी मिटतात. ॲडॅप्टरची वायर बहुधा पिनजवळ किंवा डबीजवळ, जिथे ती रोज वाकते तिथे आतून तुटते. गोल पिनेचा ॲडॅप्टर मल्टिमीटरने मोजता येतो. त्याच्या अंगावर छापलेल्या आकड्याच्या जवळपास व्होल्टेज आले पाहिजे. तरीही मोकळ्या पिनेवर बरोबर आकडा दाखवणारा ॲडॅप्टर लोड आल्यावर खाली बसू शकतो, त्यामुळे खरी परीक्षा त्याच जातीचा दुसरा चालू ॲडॅप्टर लावूनच होते. डेल आणि एचपीच्या पिनेत मधोमध एक बारीक तार असते, तिच्यावरून लॅपटॉप ॲडॅप्टर ओळखतो. ती तार वाकली किंवा तुटली तर वीज येते, पण बॅटरी चार्ज होत नाही.

टाइप-सी चार्जरची गोष्ट वेगळी आहे. तो समोरच्या यंत्राशी बोलणी झाल्याशिवाय 20 व्होल्ट देतच नाही. त्याचे मोकळे टोक मीटरने मोजून 'चार्जर गेला' म्हणणे चूक आहे. मोबाइलचा 18 किंवा 25 वॉटचा चार्जर 65 वॉट मागणाऱ्या लॅपटॉपला लावला, तर तो नुसता दिवा लावू शकतो आणि पुढे काहीच होत नाही. कॉलेजच्या मुलांकडून आलेल्या तक्रारीत हे आधी विचारून घ्यावे.

ॲडॅप्टर चांगला निघाला तर पुढचा उपाय फुकटचा आहे. ॲडॅप्टर काढावा, बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढावी आणि पॉवरचे बटण साधारण अर्धा मिनिट दाबून धरावे. मग फक्त ॲडॅप्टर लावून सुरू करून पाहावे. अडकून बसलेला एम्बेडेड कंट्रोलर यामुळे नव्याने सुरू होतो. उन्हाळाभर कपाटात पडून राहिलेल्या लॅपटॉपची बॅटरी इतकी उतरलेली असते, की तिचे संरक्षक सर्किट चार्जिंग नाकारते किंवा अगदी थेंबाथेंबाने घेते. अशा वेळी अर्धा-पाऊण तास चार्जिंगला ठेवून वाट पाहावी. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल तर मात्र चार्जिंग तिथेच बंद. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये.

दिवा आहे, पडदा काळा

कॅप्सलॉक दाबून तिचा दिवा लागतो-विझतो का ते पाहावे. दाद मिळत असेल तर लॅपटॉप आतून चालू आहे आणि दोष पडद्याच्या बाजूला आहे. खोलीत अंधार करून मोबाइलची टॉर्च पडद्यावर तिरकी धरली आणि अंधुक अक्षरे दिसली, तर फक्त मागचा उजेड गेला आहे. एचडीएमआयने टीव्ही जोडल्यावर तिथे चित्र आले, तर बिजागरीजवळून जाणारी डिस्प्ले केबल पाहावी. बिजागरी तुटलेल्या लॅपटॉपमध्ये ही केबल हमखास दाबली जाते.

कॅप्सलॉकही निर्जीव असेल तर संशय रॅमवर जातो. बॅटरीचा कनेक्टर सोडवून रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्या आयपीएने म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या आणि ती पुन्हा दोन्ही बाजूंच्या क्लिपा वाजेपर्यंत बसवायची. दोन रॅम असतील तर एकेक करून दोन्ही स्लॉटमध्ये लावून पाहायच्या. खोडरबराने पट्ट्या घासण्याची पद्धत जुन्या कारागिरांत अजून आहे. त्याने काम होते, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये राहतो, म्हणून अल्कोहोलच बरे. डीडीआर5 रॅम बदलल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. त्या वेळी लॅपटॉप रॅमचा वेग जुळवून घेत असतो. घाईने बंद करणाऱ्याला चांगली रॅमही खराब वाटते.

ठरावीक वेळा लुकलुकणारा दिवा किंवा बीप हा संदेश असतो. त्याचा अर्थ कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतो, म्हणून लुकलुक मोजून त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावी.

लोगोवर अडकणे आणि निळा पडदा

इथून पुढे प्रश्न साठवणीचा किंवा विंडोजचा असतो. आधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, डोंगल, सगळे काढावे. बूटचा क्रम पेनड्राइव्हवर असल्याने अडलेले लॅपटॉप कमी नाहीत. मग बायोसमध्ये जाऊन डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. बायोससाठी डेलला एफ2, एचपीला एफ10 दाबतात. नाव दिसत नसेल तर एसएसडी सैल झाली आहे किंवा गेली आहे. नाव दिसत असेल तर विंडोजच्या दुरुस्तीच्या पडद्यावरून स्टार्टअप रिपेअर आणि सेफ मोड (मोजक्याच गोष्टींसह विंडोज सुरू करणे) हे मार्ग मोकळे आहेत.

विंडोज अडकली म्हणजे ती उडवावीच लागते असे नाही, याचे मोठे उदाहरण 19 जुलै 2024चे आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख, विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसली की ती सुरू होत होती. फॉरमॅटची गरज नव्हती.

दोन सापळे इथे कायम भेटतात. मदरबोर्डवरचा 3 व्होल्टचा बटणसेल काढून बायोस रीसेट केला, की काही लॅपटॉपमध्ये डिस्कचा मोड बदलतो आणि चांगली विंडोज 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणू लागते. मोड पूर्वीसारखा केला की ती सुरळीत चालते, म्हणून सेल काढण्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. दुसरा सापळा बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचा. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मदरबोर्ड किंवा बायोस बदलल्यावर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. खाते दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने उघडून दिले असेल, तर की त्याच्याकडे आणि मालक बाहेर. नवा लॅपटॉप घेताना खाते स्वतःच्या नावाने उघडण्याचा आग्रह धरावा.

नाशिकचा पाऊस आणि नाशिकची वीज

निफाडच्या थंडीचे आकडे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात, पण घरात ठेवलेल्या लॅपटॉपला ती फारशी बाधत नाही. खरा त्रास पावसाचा. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या सह्याद्रीलगतच्या भागात पाऊस नाशिक शहरापेक्षा कितीतरी जास्त पडतो, आणि तिकडून दुचाकीवर येणाऱ्याची सॅक कव्हर असूनही ओली होते. भिजलेला लॅपटॉप 'चालतोय का' हे पाहण्यासाठी सुरू करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पाण्यापेक्षा पाणी आणि वीज एकत्र आल्याने बोर्ड खाल्ला जातो. तो बंद करावा, ॲडॅप्टर काढावा, उलटा धरून पाणी निथळू द्यावे आणि त्याच दिवशी उघडून बॅटरी सोडवून घ्यावी. तांदळात ठेवण्याचा उपयोग नाही. तांदूळ बोर्डावरच्या चिपांखालचे पाणी ओढत नाही आणि त्यात क्षार तसेच राहतात. चहा किंवा उसाचा रस सांडला असेल तर बोर्ड आयपीएने धुवावाच लागतो, कारण साखर सुकल्यावरही दमट हवेत ओलावा धरते.

विजेची बाब वेगळी. ॲडॅप्टर 100 ते 240 व्होल्टवर चालतो, म्हणून दिंडोरी-निफाडकडे मोटारी चालू असताना व्होल्टेज पडले तरी लॅपटॉपचे फारसे बिघडत नाही. धोका वळवाच्या पावसातल्या विजांचा आणि न्यूट्रल (विजेच्या परतीची तार) तुटण्याचा आहे. न्यूट्रल तुटला की घरात 230च्या जागी 400च्या घरात व्होल्टेज येऊ शकते. एकाच गल्लीतले बल्ब, टीव्ही आणि ॲडॅप्टर एकाच संध्याकाळी गेले असतील तर कारण बहुधा हेच. अशा वेळी ॲडॅप्टर स्वतः जळून अनेकदा लॅपटॉप वाचवतो. जुन्या नाशिकमधल्या वाड्यांत अर्थिंग नसलेले सॉकेट अजून आढळतात. तिथे लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि त्यावर उपाय म्हणजे वायरमनकडून अर्थिंग करून घेणे.

कारागिराच्या टेबलावर

घरचे उपाय संपले की चिप-लेव्हलचे, म्हणजे बोर्डावरचा एकेक बारीक भाग तपासण्याचे, काम सुरू होते. चांगला कारागीर आधी डीसी पॉवर सप्लाय 19 व्होल्टवर लावून बोर्ड त्याला जोडतो आणि अँपिअरच्या आकड्यावर नजर ठेवतो. आकडा शून्यावरच राहिला तर वीज आत शिरतच नाही: पिन, फ्यूज किंवा सुरुवातीचे मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे बारीक स्विच) पाहायचे. बटण दाबण्याआधी आकडा शंभराव्या भागांत असेल आणि बटण दाबल्यावर उसळी मारून वर-खाली होऊ लागला, तर प्रोसेसर जागा झाला आहे. उसळी मारून परत खाली आला, तर एखादा पुरवठा मध्येच बसतो आहे. जोडल्याजोडल्याच व्होल्टेज कोसळले आणि आकडा मर्यादेला जाऊन टेकला, तर बोर्ड शॉर्ट आहे. मग सप्लाय एखाद्या व्होल्टवर आणून शॉर्ट झालेल्या लाइनला देतात आणि बोर्डावर आयपीएचा पातळ थर सोडतात. जिथला थर इतरांच्या आधी उडून कोरडा डाग पडतो, तिथला तीळभर कपॅसिटर गरम होत असतो, आणि शॉर्ट बहुधा त्याचाच असतो. काही रुपयांचा तो भाग काढला की 'मदरबोर्ड बदला' असे उत्तर मिळालेला लॅपटॉप पुन्हा सुरू होतो. या कामात नजर आणि सबुरी दोन्ही लागतात, आणि त्याचे पैसे मागणारा कारागीर ते कमावतो.

डेटा

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशिकमध्ये आहे, त्यामुळे इथल्या लॅपटॉपमध्ये प्रबंध असतात. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये टॅलीचे वर्षभराचे खाते असते. यांच्या किमतीपुढे लॅपटॉपची किंमत किरकोळ आहे. दिवा न लागणाऱ्या लॅपटॉपमधला डेटा बहुतेक वेळा सुखरूप असतो. एसएसडी काढून बाहेरच्या केसमध्ये घातली की ती दुसऱ्या संगणकावर वाचता येते. बिटलॉकर असेल तर की लागते, आणि साठवण मदरबोर्डवरच जोडलेली असेल तर आधी बोर्ड जिवंत करावा लागतो. हार्ड डिस्क टक-टक वाजत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करू नये; आतले हेड तबकडीला घासत असेल तर प्रत्येक प्रयत्नात आणखी डेटा जातो. लॅपटॉप देताना 'डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका' हे पावतीवर लिहून घ्यावे. त्याच पावतीवर मॉडेल, सीरियल नंबर आणि रॅम-एसएसडी किती जीबीची आहे तेही असावे, आणि बदललेला जुना भाग मागून घ्यावा.

दुरुस्तीपलीकडे गेलेला लॅपटॉप भंगारात विकण्याआधी एसएसडी काढून घ्यावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 नुसार वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात मिसळायची नसते. फुगलेली लिथियम बॅटरी घंटागाडीत टाकली तर दाबली जाऊन पेट घेऊ शकते, म्हणून तिची टोके चिकटपट्टीने झाकून ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात स्वतंत्र द्यावी.