आरबी२६डीईटीटी इंजिन : ट्रॅकवरील वापर व टिकाऊपणा

निसान कंपनीच्या स्कायलाइन जीटी-आर या मोटारगाडीच्या आर३२ (१९८९–९४), आर३३ (१९९५–९८) आणि आर३४ (१९९९–२००२) या तीन पिढ्यांत बसवलेले, एका रांगेत सहा सिलिंडर व दोन टर्बोचार्जर असलेले पेट्रोल इंजिन. ब्लॉक (सिलिंडरांचा सांगाडा) बिडाचा, हेड (त्यावरचे झाकण) ॲल्युमिनियमचे, सिलिंडरचा व्यास ८६ मिमी, पिस्टनची धाव ७३.७ मिमी आणि क्षमता २,५६८ सीसी. घोषित शक्ती २८० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) होती. हा आकडा जपानी उत्पादकांच्या आपसांतील समझोत्यानुसार ठेवलेला असून प्रत्यक्ष शक्ती त्याहून अधिक असावी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

२.६ लिटर ही काहीशी अनवट क्षमता का निवडली, याविषयी पुढील हकीगत रूढ आहे. ग्रुप ए (उत्पादित मोटारींवर आधारित गाड्यांच्या) शर्यतींच्या नियमांनुसार टर्बो इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून वर्ग ठरत असे. सुरुवातीचा आराखडा सुमारे २,३५० सीसी इंजिनाचा, म्हणजे ४,००० सीसीच्या वर्गात बसणारा होता. परंतु चारही चाकांना शक्ती देणाऱ्या यंत्रणेमुळे गाडीचे वजन वाढले आणि वरच्या, ४,५०० सीसीच्या वर्गासाठी इंजिन मोठे करण्यात आले. २,५६८ ला १.७ ने गुणल्यास सुमारे ४,३६६ येतात, त्यामुळे ही हकीगत निदान गणिताशी जुळते. आर३२ ने १९९० ते १९९३ या काळात जपानी टूरिंग कार स्पर्धेतील सर्व २९ शर्यती जिंकल्या. १९९१ व १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातील बॅथर्स्टची शर्यतही जिंकली. मात्र शर्यतीचे इंजिन वारंवार उघडून पुन्हा बांधले जाते, म्हणून या यशावरून रस्त्यावरच्या इंजिनाच्या टिकाऊपणाचा निष्कर्ष काढणे सयुक्तिक नाही.

ट्रॅकवर या इंजिनाचे दुखणे मुख्यतः वंगणाचे आहे. इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे (आरपीएम) दीर्घकाळ चढे राहिले की तेल हेडमध्ये साठते, खाली परतण्याचे मार्ग अपुरे पडतात आणि संपमधील (इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रातील) पातळी उतरते. त्यातच लांब वळणावर उरलेले तेल एका बाजूस सरकले, की शोषणनळीत हवा शिरून बेअरिंगे जळतात. यावर संपमध्ये आडपडदे व झडपा बसवून त्याची क्षमता वाढवली जाते. पण पुढील डिफरन्शियल (पुढच्या दोन चाकांत शक्ती वाटणारी गिअरपेटी) संपलाच जोडलेले असून एक ॲक्सल संपमधूनच आरपार जात असल्याने ही वाढ बाजूंना पंख काढूनच साधावी लागते. आरबी२६ चे टॅपेट (हेडमधील झडपा ढकलणारे भाग) हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, नसल्याने हेडला तुलनेने कमी तेल पुरते. म्हणून ब्लॉकमधून हेडकडे जाणाऱ्या दोन मार्गांपैकी एक बंद करून दुसऱ्यात सुमारे १.५ मिमी छिद्राचा रोधक बसवण्याची पद्धत आहे.

हेडच्या मागील टोकापासून संपपर्यंत बाहेरून जी नळी जोडतात, तिच्या कार्याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार वेग घेताना तेल मागे सरकते व या नळीने खाली उतरते. दुसऱ्या मतानुसार पिस्टन रिंगांमधून निसटलेले वायू ज्या छिद्रांतून वर चढतात, त्याच छिद्रांतून तेलाला उतरावे लागते. नळीमुळे वायूंना वेगळी वाट मिळून वरचा व खालचा दाब समान होतो. रिंगा झिजलेल्या इंजिनात कॅच कॅन (वायूंसोबत आलेले तेल साठवणारा डबा) लवकर भरतो, हे दुसऱ्या मताला पोषक आहे. नळीचे खालचे टोक तेलाच्या पातळीच्या वर जोडले, तर दोन्ही कार्ये संभवतात. पातळीच्या खाली जोडल्यास वायूंची वाट मात्र बंद होते.

तेलपंप क्रँकशाफ्टच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) पुढील टोकावरील दोन सपाट बाजूंवर चालतो. आरंभीच्या आर३२ मध्ये या बाजूंची लांबी कमी होती, ती पुढे वाढवण्यात आली. सहा सिलिंडरांच्या लांब शाफ्टला येणारी पीळ-कंपने आणि लिमिटरवर (कमाल फेऱ्यांची मर्यादा राखणाऱ्या यंत्रणेवर) इंजिन पुनःपुन्हा तुटक चालणे, यांमुळे या बाजूंवर घाव बसत राहतात व धातुचूर्णापासून बनवलेले पंपाचे गिअर तडकतात. शाफ्टवर रुंद कॉलर घट्ट बसवणे, अखंड पोलादातून कातलेले गिअर वापरणे आणि कंपनशामक पुली नवी ठेवणे हे रूढ उपाय होत. सपाट बाजूंऐवजी दातेरी जोड देणारे पंपही वापरात आहेत. लिमिटरला न भिडता आधीच गिअर बदलणे हा यांतला बिनखर्ची उपाय.

आर३२ मध्ये बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) नियंत्रित करणाऱ्या रबरी नळीत लहान छिद्राचा एक धातूचा रोधक असतो. तो काढला की बूस्ट सुमारे ०.७ बारवरून १ बारच्या आसपास जातो, म्हणून हा बदल फार लोकप्रिय झाला. परंतु टर्बाइनची चाके सिरॅमिकची असून उष्णता व वेग वाढल्यास ती दांड्यापासून सुटतात. म्हणून ट्रॅकसाठी पोलादी चाकांचे टर्बो पसंत केले जातात.

शीतनासाठी तेलाचा वेगळा कूलर लावतात. शर्यतीसाठी काढलेल्या एन१ आवृत्तीत पोलादी टर्बाइन चाके, निराळा तेलपंप आणि चढ्या फेऱ्यांना पाण्यात बुडबुडे होऊ नयेत म्हणून कमी पात्यांचा पाणीपंप होता. तिच्या ब्लॉकवर २४यू ही खूण आढळते, तर नेहमीच्या ब्लॉकवर ०५यू.