पर्निशियस अ‍ॅनिमिया आणि बी-१२ ची कमतरता : निदान

पर्निशियस अ‍ॅनिमिया म्हणजे अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व शरीराला शोषूनच घेता येत नाही म्हणून होणारा अ‍ॅनिमिया. जठराच्या अस्तरातल्या पराएटल पेशी आम्ल बनवतात आणि त्याबरोबर इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचं एक प्रथिनही सोडतात, हे प्रथिन बी-१२ ला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेतं आणि तिथे ते शोषलं जातं. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती त्या पेशींवर आणि त्या प्रथिनावर उलटते, म्हणजे हा ऑटोइम्यून आजार आहे, आणि म्हणूनच रोज अंडी-मटण-मासे खाणाऱ्यालाही तो होऊ शकतो.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. बी-१२ कमी असणं इतकं कॉमन आहे की रिपोर्ट बघितला की "शाकाहारी आहात ना, मग असणारच" इथेच विषय संपतो. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गावातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे ४४१ पुरुष तपासले, २००६ साली ते प्रसिद्ध झालं, त्यात जवळपास ६७ टक्के लोकांचं बी-१२ कमी निघालं आणि शहरी मध्यमवर्गात तर प्रमाण आणखी जास्त. त्यामुळे आहाराचा अंदाज बहुतेक वेळा बरोबरच ठरतो. पण ज्याच्या बाबतीत तो चुकीचा असतो त्याला गोळ्या देतात, थोडं बरं वाटतं, गोळ्या बंद होतात, परत हातापायांना मुंग्या सुरू, आणि खरं निदान वर्षानुवर्षं लांबतं. कमतरता सापडली म्हणजे कारण सापडलं असं होत नाही, निम्मं काम अजून बाकी असतं.

शरीरात, मुख्यतः यकृतात, बी-१२ चा साठा काही मिलिग्रॅम असतो आणि रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम, त्यामुळे शोषण बंद पडल्यावरही लक्षणं यायला काही वर्षं जातात आणि हळूहळू आल्यामुळे माणूस त्यांना वयाच्या नाहीतर कामाच्या खात्यावर टाकतो. थकवा, जिना चढताना दम, जीभ लाल गुळगुळीत होऊन तिखट झोंबणं, चेहऱ्यावर पिवळसर फिकटपणा, आणि आपल्या सावळ्या कातडीवर बोटांच्या सांध्यांवर येणारा काळपटपणा, जो फार उपयोगी खूण आहे पण कोणी विचारतच नाही. मज्जारज्जूवर परिणाम झाला की पायातली चप्पल निसटलेली कळत नाही, डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, काहींना विसराळूपणा किंवा चिडचिड. हे सगळं हिमोग्लोबिन नॉर्मल असतानाही होऊ शकतं, हे लक्षात ठेवायलाच हवं.

तपासणी सीबीसीपासून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीपासून सुरू होते. लाल पेशी मोठ्या होतात म्हणून एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) साधारण १०० च्या वर जातो आणि स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघताना, पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला नेहमीपेक्षा जास्त पाळ्या दिसतात. पण सोबत लाल पेशी लहान करणारी लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक दोष असेल तर एमसीव्ही नॉर्मलमध्येच राहू शकतो, आणि या आजारात जठरातलं आम्ल आटल्यामुळे लोहही नीट शोषलं जात नाही, म्हणजे ही जोडगोळी वाटते तितकी विरळ नाही. अस्थिमज्जेत अर्धवट वाढलेल्या पेशी तिथेच फुटत असल्याने एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात येणारं एन्झाइम) आणि बिलिरुबिन (लाल पेशी मोडून बनणारं पिवळं रंगद्रव्य) वाढतं, त्यावरून कधी कावीळ समजली जाते. तिन्ही प्रकारच्या पेशी कमी झाल्या की घरच्यांना ब्लड कॅन्सरची धास्ती बसते.

रक्तातलं बी-१२ मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमी धरतात, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा, तिथे बी-१२ कमी पडलं की रक्तात साचणारं मिथाइलमॅलॉनिक अ‍ॅसिड किंवा होमोसिस्टीन तपासलं तर पेशींना बी-१२ खरंच पुरतंय का ते कळतं. होमोसिस्टीन मात्र फोलेट (बी गटातलंच दुसरं जीवनसत्त्व, गोळीतलं फोलिक अ‍ॅसिड) कमी असेल तरी वाढतं आणि किडनी बिघडलेली असेल तर दोन्ही वाढतात.

कारण शोधायला दोन अँटिबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्तीने आपल्याच शरीराविरुद्ध बनवलेली प्रथिनं, बघतात. इन्ट्रिन्सिक फॅक्टरची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर निदान जवळपास पक्कं, पण ती साधारण निम्म्या रुग्णांमध्येच सापडते, म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट हातात धरून "तुम्हाला हा आजार नाही" असं म्हणणं चूक आहे. पराएटल पेशींची अँटिबॉडी जास्त जणांत सापडते पण ती इतर ऑटोइम्यून आजारांत आणि काही निरोगी माणसांतही असते. गॅस्ट्रिन (जठराला आम्ल बनवायला लावणारं संप्रेरक) वाढलेलं असणं आणि एंडोस्कोपीत जठराच्या वरच्या भागातलं अस्तर झिजलेलं दिसणं यावरून चित्र पूर्ण होतं. पूर्वी किरणोत्सारी बी-१२ पाजून शिलिंग टेस्ट करायचे, ती आता मागे पडली. थायरॉइड, कोड किंवा टाइप १ डायबिटीस स्वतःला वा घरात असेल तर संशय वाढतो. मेटफॉर्मिन (डायबिटीसची गोळी), अ‍ॅसिडिटीच्या रोजच्या गोळ्या, आतड्याचं ऑपरेशन ही कारणंही विचारून घ्यावी लागतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ताकदीच्या लाल, म्हणजे बी-१२ च्याच, इंजेक्शनाने. अशक्तपणा म्हटलं की ते आधी टोचलं जातं आणि मग रक्त तपासायला पाठवतात, तोवर बी-१२ चा आकडा वर गेलेला असतो आणि काही पद्धतींत अँटिबॉडीही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्त आधी काढायचं, इंजेक्शन नंतर. मज्जातंतूंची लक्षणं असतील तर रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, रक्त काढलं की त्याच दिवशी उपचार सुरू, कारण तिथलं नुकसान उशीर झाला तर पूर्ण भरून येत नाही.

लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसनने १८४९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, १८७२ मध्ये झुरिकच्या बिअर्मरने 'पर्निशियस' म्हणजे घातक हे नाव दिलं, आणि तेव्हा तो खरंच जीवघेणा होता. १९२६ मध्ये मायनट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी रोज भरपूर यकृत खायला घालून रुग्ण वाचवले, १९३४ चं नोबेल त्यांना आणि व्हिपल यांना मिळालं, बी-१२ वेगळं काढता आलं ते १९४८ मध्ये. याच काळात मुंबईत लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांच्या अशाच दिसणाऱ्या अ‍ॅनिमियावर काम करत होत्या, तो यीस्टच्या अर्काने बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलं, तो घटक म्हणजे फोलेट. हा फरक आजही जिवावरचा आहे: बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक अ‍ॅसिड दिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं पण मज्जारज्जूचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

निदान पक्कं झालं की उपचार आयुष्यभराचा, सुरुवातीला पटापट आणि मग ठरावीक अंतराने १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. एवढ्याच मोठ्या डोसची गोळी रोज घेतली तर सुमारे एक टक्का इन्ट्रिन्सिक फॅक्टरशिवायही शोषलं जातं म्हणून काहींचं त्यावर भागतं. आठवड्याभरात नव्या लाल पेशी वाढलेल्या दिसतात, गंभीर अ‍ॅनिमियात त्या दिवसांत पोटॅशियम उतरू शकतं म्हणून ते बघत राहतात. जठराच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढलेला असतो, त्यामुळे एंडोस्कोपी कधी परत करायची ते डॉक्टरांशी ठरवून घ्यावं. आणि फाइलच्या पहिल्या पानावर नुसतं 'बी-१२ कमी' असं न लिहिता आजाराचं नाव लिहून घ्यावं, कारण पुढे डॉक्टर बदलले आणि इंजेक्शनामुळे वाढलेला आकडा बघून कोणी "आता भरपूर झालं, बंद करा" म्हणालं तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तीच लक्षणं परत येतात.