घसरायला शिकवणारी शाळा : पार्श्वभूमी

लिंगाणा, ड्यूक्स नोज हे सह्याद्रीतले कडे चढून आलेली आपली मुलं उत्तरकाशीला किंवा मनालीला गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला जातात, तेव्हा कातळावर ती उठून दिसतात. बर्फाच्या पहिल्या दिवशी मात्र सगळेच नवशिके. कारण तिथे आधी घसरायचं असतं, तेही मुद्दाम, थांबायला शिकण्यासाठी.

खाली सपाटी असलेला उतार निवडतात. एक हात आइस ॲक्सच्या (बर्फातल्या कुऱ्हाडीच्या) माथ्यावर, दुसरा दांड्याच्या तळाशी, ॲक्स छातीवर तिरकी. घसरू लागलं की पोटावर वळायचं आणि अंगाचा सगळा भार टाकून ॲक्सची चोच, म्हणजे माथ्याचं अणकुचीदार टोक, बर्फात रुतवायची. क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली बांधायचे धातूचे दात, असतील तर पाय वर उचललेले हवेत. एक दात जरी अडकला तरी माणूस कोलांटी खातो. हे सगळं पहिल्या एक-दोन सेकंदांत. एकदा वेग आला की ॲक्स हातातून हिसकावली जाते. मग हेच पाठीवर पडून, मग डोकं खाली करून, पुन्हा पुन्हा.

हा धडा तसा अलीकडचा आहे. ८ ऑगस्ट १७८६ रोजी बाल्मा आणि पाकार हे दोघे आल्प्समधल्या मों ब्लां शिखरावर पहिल्यांदा पोचले ते लोखंडी टोकाच्या लांब काठ्या घेऊन. दोर नव्हता, आइस ॲक्सही नव्हती. पुढे एकोणिसाव्या शतकात काठी आणि कुऱ्हाड एक झाली. हीच आइस ॲक्स. तरी बर्फात पायऱ्या खोदायच्या त्या वाटाड्याने आणि मागच्यांनी त्यांत पाय ठेवत जायचं, अशीच रीत होती. कसब वाटाड्याच्या हातात असे. गिर्यारोहक ऑस्कर एकेनस्टाइनने १९०८ मध्ये दहा दातांच्या क्रॅम्पॉनचा आराखडा केला, इटलीतल्या कूर्मायर गावच्या ग्रिव्हेल लोहाराने तो घडवला, आणि पायऱ्यांची गरज घटली. १९२९ मध्ये पुढे निघालेले दोन दात आले. आता प्रत्येकाला आपापल्या पायांवर चढता येऊ लागलं, म्हणून प्रत्येकाला शिकणंही भाग पडलं. माझ्या मते गिर्यारोहणाच्या शाळांचं मूळ इथे आहे.

भारतात ही शाळा एका शेर्पामुळे उभी राहिली. २६ एप्रिल १९५३ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबूच्या हिमप्रपातात हिलरींच्या पायाखालचा बर्फाचा काठ तुटला आणि ते हिमभेगेत कोसळले. तेनझिंगनी क्षणात ॲक्स बर्फात खुपसली, दोर तिच्याभोवती गुंडाळून ताणून धरला. महिनाभराने दोघे एव्हरेस्टवर होते. ४ नोव्हेंबर १९५४ रोजी नेहरूंच्या पुढाकाराने दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. मेजर नरेंद्र धर जयाल प्राचार्य आणि तेनझिंग क्षेत्र-प्रशिक्षणाचे प्रमुख. त्याच वर्षी तेनझिंग सहा शेर्पांसह स्वित्झर्लंडला, रोझेनलाउईच्या आर्नोल्ड ग्लॅटहार्ड यांच्या शाळेत गेले होते. एव्हरेस्ट चढलेला माणूस पुन्हा विद्यार्थी झाला, ही गोष्ट मला शिखराइतकीच मोठी वाटते. चढणं त्यांच्या अंगात होतंच. ते दुसऱ्याला टप्प्याटप्प्याने कसं द्यायचं, हे शिकायला ते गेले. ओझी वाहणारे म्हणून मोहिमांवर घेतले जाणारे शेर्पा त्यानंतर दार्जिलिंगमध्ये गुरू म्हणून उभे राहिले.

१९६१ मध्ये मनालीला, १९६५ मध्ये उत्तरकाशीला संस्था झाल्या. सह्याद्रीत बर्फ नाही, त्यामुळे महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांची वाट तिकडूनच जाते. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेचा चमू.

घसरण थांबवता येते, हिमस्खलन नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या संस्थेची ॲडव्हान्स कोर्सची तुकडी द्रौपदी का दांडा-२ वर असताना हिमस्खलन झालं आणि २९ जण गेले, बहुतेक प्रशिक्षणार्थी. प्रशिक्षक सविता कंसवाल त्यांतल्याच. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरं गाठली होती.