घरी बांधलेली किंवा बदल केलेली गाडी: विमा कसा, कागदपत्रं कोणती?

उद्यमनगरात पाइपचा सांगाडा वेल्ड करणारा, फायबरची बॉडी ओतणारा, जुन्या जीपचं इंजिन खोलून पुन्हा बसवणारा असे सगळे कारागीर दोन गल्ल्यांत सापडतात. त्यामुळे कोल्हापुरात स्वतः गाडी बांधायचा नाद असणारे कमी नाहीत. गाडी तयार झाली की त्यांचा पहिला प्रश्न असतो, विमा कुठल्या कंपनीचा घेऊ? खरं तर हा प्रश्न शेवटचा आहे. कंपनी विमा उतरवते तो आरसीवर लिहिलेल्या गाडीचा. नव्या गाडीची पॉलिसी आरसीच्या आधी निघते हे खरं, पण ती डीलरच्या बिलावर आणि कारखान्याच्या चासी नंबरावर निघते.

शून्यापासून बांधलेल्या गाडीचं गाडं इथेच अडतं. नोंदणीसाठी फॉर्म 20 सोबत फॉर्म 21 म्हणजे विक्रीचा दाखला आणि फॉर्म 22 म्हणजे उत्पादकाचा रस्तायोग्यतेचा दाखला लागतो. तो उत्पादकाला देता येतो, कारण केंद्रीय मोटार वाहन नियम 126 प्रमाणे त्याच्या मॉडेलची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत झालेली असते. ब्रिटनमध्ये किट कारसाठी एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते, ती पास झाली की नंबर आणि विमा दोन्ही मिळतात. तिकडचे व्हिडिओ बघून इकडे खर्च करू नका. आपल्याकडे हौशी माणसाच्या एका गाडीसाठी अशी सोपी वाट नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून गाडी केली, तेव्हा डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनीही कौतुकासोबत लिहिलं होतं की ही गाडी नियमांत बसत नाही, अधिकारी कधी ना कधी थांबवतील. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली.

अशी गाडी स्वतःच्या शेतात, बंदिस्त आवारात चालवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 ची विम्याची सक्ती सार्वजनिक जागेसाठी आहे. रस्त्यावर विम्याशिवाय सापडलात तर कलम 196 प्रमाणे पहिल्यांदा 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

एमएच 09 ची (कोल्हापूर आरटीओची) पासिंग झालेली गाडी असेल तर

इथे मात्र करण्यासारखं बरंच आहे. कलम 52 सांगतं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. म्हणजे चासी कापून लांब करणं, बॉडीचा प्रकार बदलणं, जीपवर रेसिंग कारची बॉडी चढवणं बाद. आरटीओची परवानगी घेऊन त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन, मान्यताप्राप्त सीएनजी, एलपीजी किंवा इलेक्ट्रिक किट, रंगातला बदल, अपंग व्यक्तीसाठी केलेली जुळणी, हे होतं. परवानगीशिवाय बदल केला तर कलम 182अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

क्रम महत्त्वाचा. आधी परिवहन पोर्टलवर वाहनातील बदलासाठी अर्ज आणि मंजुरी, मग काम, आणि काम झाल्यापासून 14 दिवसांत आरसीसह आरटीओला कळवणं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्या. सोबत चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, किटच्या मान्यतेचा दाखला, बसवणाऱ्या अधिकृत केंद्राचं प्रमाणपत्र आणि बिल. बिलावरच खूप जण अडकतात. "फॅब्रिकेशन काम, एकूण 45,000" एवढंच लिहिलेला कागद कुणाच्याच उपयोगाचा नसतो. इंजिन असेल तर इंजिन नंबर, किट असेल तर मेक आणि अनुक्रमांक, बसवल्याची तारीख, गाडीचा नंबर, हे सगळं बिलावर हवं. तपासणीला चासी नंबरवर कागद धरून पेन्सिलने छाप घेतात. त्या जागेवर रंगाचे थर किंवा गंज असेल तर आधी साफ करून घ्या. नंबर मात्र घासायचा नाही.

विमा कंपनीला कळवणं

एजंटला फोनवर सांगणं म्हणजे कळवणं नव्हे, हे माझं स्पष्ट मत. ईमेल करा, पोचपावती ठेवा. मजकूर साधाच: "माझ्या अमुक नंबरच्या गाडीला अमुक तारखेला अमुक मेकचं सीएनजी किट बसवलं आहे. किंमत इतकी. आरसीमध्ये नोंद झाली आहे, प्रत जोडली आहे. पॉलिसीत एंडोर्समेंट (बदलाची नोंद) करून द्यावी." कंपनी पाहणीला माणूस पाठवू शकते. अलॉय व्हील, म्युझिक सिस्टिम, जादा दिवे यांना आरसीत जागा नसते, तरी त्यांची किंमत पॉलिसीत चढवावी लागते, नाहीतर चोरी झाली की हात हलवत परत यायचं.

खर्च फार नसतो. 2002 च्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीच्या विम्याच्या दरपत्रकात, सीएनजी किटला त्याच्या किमतीच्या 4 टक्के आणि थर्ड पार्टीसाठी (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्यासाठी) 60 रुपये असा जादा हप्ता आहे, विजेच्या उपकरणांनाही 4 टक्केच. अपंग व्यक्तीसाठी जुळवलेल्या गाडीला त्याच टॅरिफमध्ये स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर 50 टक्के सूट आहे. ही सूट मागितल्याशिवाय कोणी देत नाही. थर्ड पार्टीचा हप्ता जून 2022 च्या दरांनुसार 1,000 सीसीपर्यंत 2,094, 1,500 पर्यंत 3,416 आणि त्यावर 7,897 रुपये, जीएसटी वेगळा.

पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, तक्त्यावरून निघत नाही, ती कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. मेहनतीने उभी केलेली जुनी जीप असेल तर फोटो, बिलं आणि मूल्यांकन अहवाल तेव्हाच पुढे ठेवा. फायबरग्लासच्या भागांवर क्लेममध्ये 30 टक्के घसारा कापतात, हेही धरून चाला.

बदल लपवला तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, महत्त्वाची माहिती दडवून घेतलेली पॉलिसी रद्दबातल आहे असा बचाव कलम 150 प्रमाणे कंपनीला थर्ड पार्टीच्या दाव्यातही घेता येतो. तो टिकला तर भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. आणि शर्यत किंवा वेगाची चाचणी नेहमीच्या पॉलिसीत बसतच नाही, मग बदल कितीही प्रामाणिकपणे कळवलेला असो.

50 वर्षांहून जुन्या गाडीसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणी आहे, पण चासी, बॉडी, इंजिन मूळचंच हवं. जुन्या मॉडेलची हुबेहूब नक्कल तिथे चालत नाही.

एंडोर्समेंट हातात आली की इंजिन नंबर, इंधन, आसनक्षमता आणि किटची किंमत आरसीशी ताडून बघा. चूक असेल तर लगेच लेखी कळवा. पुढे क्लेम नाकारला आणि तक्रारीला महिनाभर उत्तर नाही आलं, किंवा आलेलं पटलं नाही, तर कोल्हापूरकरांसाठी विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यात आहे. तिथे वकील लागत नाही.