पंपावरची पाटी कोण बदलतं? पेट्रोलदराची पार्श्वभूमी, सांगलीच्या हद्दीवरून

२०२१ च्या दिवाळीत मिरजेतल्या पंपांवरची दराची पाटी आणि म्हैसाळच्या पुढे हद्द ओलांडल्यावर लागणाऱ्या कर्नाटकातल्या कागवाडची पाटी यांच्यात एका रात्रीत मोठं अंतर पडलं. ३ नोव्हेंबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे ५ रुपयांनी आणि डिझेलवरचं १० रुपयांनी कमी केलं. कर्नाटकाने लगोलग आपल्या करातले आणखी ७-७ रुपये सोडले. महाराष्ट्राने काहीच सोडलं नाही. कच्चं तेल तेच, डॉलर तोच, दोन्हीकडे कंपन्याही त्याच. साहजिकच अथणी-विजापूरकडे जाणारे मालट्रक इकडे गरजेपुरतं डिझेल घेऊन टाकी तिकडे फुल्ल करू लागले.

त्या रात्रीचा फटका पंपचालकांनाही बसला, त्याची चर्चा फारशी झाली नाही. पंपवाला पैसे आगाऊ भरतो आणि डेपोतून माल उचलतो तेव्हाच त्यात उत्पादन शुल्क आलेलं असतं. समजा, आदल्या दिवशी हजारवाडीच्या डेपोवरून १२,००० लिटरचा टँकर आला, ८,००० डिझेल आणि ४,००० पेट्रोल. सकाळी सहाला दर उतरला की नुसत्या शुल्काच्या फरकाचेच एक लाख रुपये गेले. जमिनीखालच्या टाक्यांतला आधीचा साठा वेगळाच. म्हणून कपातीची कुणकुण लागली की पंपवाले टँकर मागवायचे थांबतात, आणि ऐन सणात ‘पेट्रोल नाही’च्या पाट्या लागतात.

दर बाजार ठरवतो की सरकार, हा वाद पंपावर रोज होतो. त्याचं उत्तर एका लिटरचा हिशेब मांडल्याशिवाय मिळत नाही. एप्रिल २०२५ मधल्या शुल्कवाढीनंतरचा पेट्रोलचा, त्या वेळच्या जवळपासच्या आकड्यांचा हिशेब असा: कंपनी पंपाला देते तो मूळ दर ५३ रुपये, केंद्राचं उत्पादन शुल्क २१.९०, पंपचालकाचं कमिशन ४.४०. झाले ७९.३०. या सगळ्या बेरजेवर राज्याचा २५ टक्के व्हॅट, म्हणजे १९.८३, आणि वर लिटरमागे ठरीव ५.१२. पाटीवर येतात १०४ रुपये २५ पैसे. बाजाराची सत्ता पहिल्या ५३ रुपयांवर आहे. उरलेल्यातलं कमिशन सोडलं तर जवळपास ४७ रुपये निव्वळ कर, आणि तोही करावर कर लावून.

ते ५३ रुपयेही थेट कच्च्या तेलावरून निघत नाहीत. २००६ मध्ये रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर आलेलं सूत्र ८० टक्के आयातीचा आणि २० टक्के निर्यातीचा दर धरतं, आणि हे दर असतात तयार पेट्रोलचे. तरी अंदाजासाठी एक बेरीज हाताशी ठेवावी. एका बॅरलमध्ये १५९ लिटर. डॉलर ८५ रुपयांना असेल तर बॅरल एका डॉलरने हललं की लिटरमागे ५३ पैसे हलायला हवेत, आणि व्हॅट धरून पाटीवर ६६-६७ पैसे. रुपया घसरला तर कच्चं तेल जागेवर असूनही तशीच चाल होते.

सूत्र असं स्पष्ट असताना राजकारण शिरतं कुठून? बव्हंशी तारखांतून.

सत्तरच्या दशकात एस्सो, बर्मा शेल, कॅल्टेक्स सरकारी झाल्या, तेव्हापासून दर सरळ दिल्लीत ठरत. ऑइल पूल नावाच्या खात्यातून एका इंधनाचा नफा दुसऱ्याच्या तोट्यात वळवला जाई. १ एप्रिल २००२ ला ही व्यवस्था कागदोपत्री मोडली, पण कच्चं तेल चढू लागताच सरकारने दर पुन्हा धरून ठेवले आणि कंपन्यांचा तोटा रोखीने न भरता सरकारी रोख्यांवर ढकलला. २००८ च्या जुलैत बॅरल १४७ डॉलरला पोचलं, तेव्हा हा डोलारा किती महाग पडतो ते दिसलं.

२६ जून २०१० ला पेट्रोलचा दर सरकारी नियंत्रणातून ‘मुक्त’ झाला. पुढच्याच वर्षी पाच विधानसभांच्या निवडणुकांचे निकाल १३ मे ला लागले आणि १४ मे च्या रात्री पेट्रोल ५ रुपयांनी चढलं. डिझेल मुक्त केल्याची घोषणा १८ ऑक्टोबर २०१४ ची. महाराष्ट्राचं मतदान तीनच दिवसांपूर्वी झालं होतं. तेव्हा भाव पडत होते, त्यामुळे डिझेल ३.३७ रुपयांनी स्वस्तच झालं आणि कुणी तक्रार केली नाही. पण त्याच पडत्या भावात नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ दरम्यान उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढलं. पेट्रोलवर ते ९.४८ रुपये होतं, ते २१.४८ झालं. बॅरल ३० डॉलरच्या खाली गेलं, पण आपल्या वाट्याची स्वस्ताई सरकारच्या तिजोरीत जमा झाली. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा काळ हाच, कारण मे २०२० मध्येही नेमकं हेच घडलं. टाळेबंदीत तेल कवडीमोल झालं आणि एका रात्रीत पेट्रोलवर १०, डिझेलवर १३ रुपये शुल्क चढलं.

१६ जून २०१७ पासून दर रोज सकाळी सहाला बदलू लागले. आता तरी बाजाराचं चालेल असं वाटलं. कर्नाटकच्या मतदानाआधी २०१८ मध्ये पाटी १९ दिवस हलली नाही. ४ नोव्हेंबर २०२१ नंतर ती १३७ दिवस थांबली. मधे उत्तर प्रदेशची निवडणूक होती आणि युक्रेनचं युद्धही सुरू झालं होतं. मग २२ मार्चपासून ८०-८० पैशांचे हप्ते, १६ दिवसांत १० रुपये. त्यानंतर पुन्हा शांतता. ही शांतता फुकटची नव्हती: एप्रिल ते सप्टेंबर २०२२ मध्ये तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना (इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम) मिळून २१,२०१ कोटींचा तोटा झाला आणि २०२३-२४ मध्ये सुमारे ८१,००० कोटींचा नफा. वर न चढलेला दर नंतर खाली न उतरवून वसूल झाला.

राज्यं यात निरागस नाहीत. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलचं शुल्क ८ आणि डिझेलचं ६ रुपयांनी घटवलं. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राने व्हॅट २.०८ आणि १.४४ रुपयांनी कमी केल्याचं जाहीर केलं. ८ चे २६ टक्के २.०८ आणि ६ चे २४ टक्के १.४४. हे मुंबईचे तेव्हाचे व्हॅटदर होते, म्हणजे शुल्क घटलं की व्हॅट आपोआप जेवढा घटतो तेवढाच हा आकडा. राज्याच्या खिशातली खरी कपात जुलै २०२२ ची, पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये. कर्नाटकाने लोकसभेचा निकाल लागल्यावर जून २०२४ मध्ये पेट्रोलवरचा कर २५.९२ वरून २९.८४ टक्के केला, २०२५ मध्ये डिझेलवर पुन्हा कर वाढवला, आणि कागवाडच्या डिझेलचं आकर्षण आटलं.

राज्यं व्हॅटला इतकी का चिकटून आहेत, याचं कारण केंद्राच्या शुल्काच्या पोटात आहे. वरच्या हिशेबातल्या २१.९० पैकी राज्यांशी वाटून घ्यायचं मूळ शुल्क फक्त १.४० रुपये. त्यातले ४१ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांना मिळून ५७ पैसे. बाकीचे सेस आणि विशेष शुल्क केंद्राकडेच राहतात. म्हणून पेट्रोल जीएसटीत आणायचं भाषण सगळे करतात आणि परिषदेत कुणी रेटत नाही.

आपल्या भागात आणखी एक धागा आहे, इथेनॉलचा. २० टक्के मिश्रणात लिटरचा पाचवा हिस्सा उसाचा किंवा धान्याचा असतो, आणि उसापासूनच्या इथेनॉलचा भाव केंद्रीय मंत्रिमंडळ ठरवतं: २०२४-२५ च्या हंगामात रसापासूनचं लिटरला ६५.६१, सी-हेवी मळीचं (साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीचं) ५७.९७. म्हणजे ५३ रुपयांतही बाजाराचा हिस्सा पूर्ण नाही. ७ डिसेंबर २०२३ ला साखरेचे भाव आवरण्यासाठी रसापासूनच्या इथेनॉलवर बंदी आली, तेव्हा कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांचं वर्षाचं गणित ऐन गाळपात कोलमडलं. आठवड्याभरात बंदी सैल झाली, पण कोटा घालूनच.

८ एप्रिल २०२५ ला कच्चं तेल साठीच्या घरात उतरलं असताना उत्पादन शुल्क २ रुपयांनी वाढलं. सूत्राप्रमाणे दर उतरायला हवा होता, कराप्रमाणे चढायला हवा होता. कंपन्यांनी वाढ स्वतःकडे घेतली आणि सकाळी सहाला सांगलीतल्या पंपांवरची पाटी या करामुळे एका पैशानेही हलली नाही.