जुना कॉम्प्युटर सुरू होईना झालाय? दुकानात आणण्याआधी एवढं बघा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"काल रात्रीपर्यंत चालत होता की ओ, आज बटण दाबलं तर काहीच नाही." दुकानाचं शटर वर गेलं की दिवसातून एकदा तरी हे वाक्य कानावर पडतं. त्यातल्या "काहीच नाही" या दोन शब्दांनी आमची पंचाईत होते. कुणाच्या "काहीच नाही"मध्ये पंखा फिरत असतो, दिवाही लागलेला असतो, फक्त पडदा काळा असतो. कुणाकडे विंडोजचं चिन्ह येऊन तिथेच ठिपके फिरत बसतात. आणि कुणाकडे खरोखरच काही नसतं, कारण टेबलाखालचा स्विच झाडताना बंद झालेला असतो. तिघांचा आजार वेगळा, खर्चही वेगळा.

म्हणून आमचं एकच मागणं: कॉम्प्युटर बंद पडला असं न म्हणता तो नेमका कुठे थांबतो ते बघा. हे पत्रक घरातल्या दहा-पंधरा वर्षं जुन्या, कॅबिनेटवाल्या डेस्कटॉपसाठी आहे. लॅपटॉपचं तंत्र वेगळं, तो घरी उघडू नका. नीट वाचलंत तर काहींचं आमच्याकडे येण्याचं रिक्षाभाडं वाचेल. आमचं गिऱ्हाईक एक कमी होईल, पण नुसता स्विच चालू करून द्यायचे पैसे मागायला आम्हालाही बरं वाटत नाही.

सुरुवात भिंतीपासून

बटण दाबल्यावर दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही, तर कॅबिनेटला हात लावू नका. आधी त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. तो चालला तर मधला यूपीएस काढून टाका आणि कॅबिनेटची वायर थेट भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावा. "कॉम्प्युटर मेला" म्हणून आलेल्या कितीतरी केसेसमध्ये मेलेला असतो तो यूपीएस. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि आपल्या उन्हाळ्यात ती दोन-तीन वर्षांत दमते. बॅटरी पार संपली की काही यूपीएस लाइट असूनही चालूच होत नाहीत.

मग वायर. मॉनिटरची आणि कॅबिनेटची वायर सहसा एकाच जातीची असते, तेव्हा अदलाबदल करून बघा. कॅबिनेटच्या मागे, जिथे ही वायर जाते तिथे, एक छोटा काळा स्विच असतो. तो शून्याच्या बाजूला दाबला गेला असेल तर सगळं ठप्प. काही जुन्या एसएमपीएसवर (म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर) त्याच्या शेजारी लाल सरकता स्विच असतो, त्यावर 115 आणि 230 असे आकडे दिसतात. तो कायम 230 वरच हवा. सुट्टीला आलेल्या भाच्याने तो गंमत म्हणून सरकवला आणि बटण दाबताच फट् झालं, असे एसएमपीएस आम्ही बदलून दिले आहेत. लाल स्विचवर चिकटपट्टी लावून टाका.

रात्री लाइट दोन-चारदा गेली-आली आणि सकाळी कॉम्प्युटर उठेना, असं झालं असेल तर एक साधा उपाय पहिल्यांदा करा. वायर पूर्ण काढा. वायर काढलेली असतानाच समोरचं बटण 30 सेकंद दाबून धरा. पाच मिनिटं थांबा, वायर परत लावा, सुरू करा. व्होल्टेज वरखाली झालं की एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी कुलूप लावून घेतो, आणि आतला उरलासुरला करंट निघून गेल्याशिवाय ते कुलूप निघत नाही. जादूटोणा वाटतो, पण नसतो.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत असतील तर तो कॉम्प्युटरचा दोष नाही, घराच्या अर्थिंगचा आहे. एसएमपीएसच्या आत विजेतला कचरा गाळून जमिनीत सोडणारे छोटे कपॅसिटर असतात. जमिनीचा रस्ताच नसेल तर तो करंट पत्र्यावर येऊन बसतो. जुन्या वाड्यांमध्ये आणि तीन पिनांच्या प्लगची जाडी पिन कापून दोन पिनांत घुसवलेल्या घरांमध्ये हे हमखास दिसतं. त्यासाठी आम्हाला नाही, वायरमनला बोलवा. अर्थिंग झाल्याशिवाय नवीन एसएमपीएस घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणखी एक शक्यता: समोरचं बटणच झिजलेलं. आमचा जुना जुगाड असा की बटण गेलं तर रीसेटच्या बटणाची वायर त्याच्या जागी लावून देतो. नवीन कॅबिनेट घ्यायची गरज नसते.

पंखा फिरतो, पडदा काळा

इथे आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि घरी करण्यासारखंही इथेच सगळ्यात जास्त आहे.

मॉनिटरची केबल काढल्यावर त्यावर "नो सिग्नल" किंवा तसलीच पाटी आली, तर मॉनिटर जिवंत आहे. केबल परत लावताना कॅबिनेटच्या मागे बघा. पडद्यावर चित्र पाठवणारं वेगळं डिस्प्ले कार्ड बसवलेलं असेल तर केबल त्या कार्डावर लागली पाहिजे, बोर्डाच्या स्वतःच्या वरच्या जागेवर नाही. दिवाळीच्या साफसफाईनंतर हा घोळ फार होतो.

आता कॅबिनेट उघडायचं. वायर आधी काढा, आणि आत हात घालण्यापूर्वी पत्र्याला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. अशोक चौक, साखर पेठ, दाजी पेठ या भागांतून येणारं कॅबिनेट उघडलं की आम्हाला पत्ता विचारावा लागत नाही. शेजारी यंत्रमाग असेल तर सुताचा बारीक तूस हवेबरोबर आत ओढला जातो आणि प्रोसेसरच्या पंख्याखाली धातूच्या पट्ट्यांवर बसतो. वर्षभरात तिथे अस्सल सोलापुरी चादर विणून तयार! मग हवा खेळत नाही, प्रोसेसर तापतो आणि कॉम्प्युटर सुरू होऊन दोन-पाच मिनिटांत आपोआप बंद पडतो. मे महिन्यात खोलीच चाळिशीच्या घरात असते, तेव्हा तर विचारूच नका. कोरडा, मऊ ब्रश घ्या, पंखा बोटाने धरून ठेवा आणि तूस हळू काढा. ओलं फडकं नको. तोंडाने फुंकूही नका, थुंकीचे शिंतोडे उडतात.

त्यानंतर रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची तात्पुरती स्मरणशक्ती. ही बोटभर रुंदीची, हातभर किमया करणारी पट्टी. तिच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढला की बोर्डाला (सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात त्या मोठ्या पाटीला, मदरबोर्डाला) ती दिसत नाही, आणि पडदा काळाच राहतो. दोन्ही टोकांच्या पांढऱ्या खिट्ट्या बाहेर सारा, पट्टी सरळ वर काढा. मुलांच्या कंपासपेटीतला पांढरा खोडरबर घेऊन सोनेरी भाग दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासा, भुगा ब्रशने झटका, परत बसवा. दोन्ही खिट्ट्या "कट्" करून आपोआप मिटल्या पाहिजेत. सॅंडपेपर वापरू नका, सोन्याचा मुलामाच निघून जातो. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, त्यात कोणती दगा देते ते कळतं. आणि मित्राकडून रॅम मागून आणली तर जबरदस्तीने दाबू नका. डीडीआर 2 आणि डीडीआर 3 या रॅमच्या दोन पिढ्या, दोन्हींना 240 च पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या ठिकाणी असते. बसत नाही म्हणजे ती तिथली नाही.

सुरू करताना कान द्या. बऱ्याच जुन्या बोर्डांवर एक लांब आणि दोन आखूड "बीप" म्हणजे डिस्प्लेची तक्रार, आणि लांब बीप थांबून थांबून येत राहिला तर रॅमची. कंपनीप्रमाणे हे बदलतं, म्हणून अर्थ लावत बसण्यापेक्षा मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून आम्हाला ऐकवा. आमचं अर्धं निदान तिथेच होतं.

बोर्डावर एक रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल दिसेल. त्यावर सीआर 2032 लिहिलेलं असतं, 3 व्होल्टचा. रोज घड्याळ मागे जात असेल, सुरू होताना एफ 1 दाबा म्हणून पाटी येत असेल, किंवा इंटरनेटवरची प्रत्येक साइट "सुरक्षित नाही" म्हणत असेल, तर दोषी हाच. तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्र कॉम्प्युटरला खोटं वाटतं. काही जुने बोर्ड तर सेल संपल्यावर सुरू व्हायलाच नकार देतात. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो, चहा-भज्यांच्या पैशात. अधिकची खूण वर ठेवून बसवा.

उघडलंच आहे तर प्रोसेसरच्या आसपास उभ्या असलेल्या छोट्या डब्यांची टोपणं बघा. ती सपाट हवीत. पोळीसारखी फुगलेली किंवा तपकिरी रस सांडलेली दिसली तर कपॅसिटर गेले. साधारण 1999 ते 2007 या काळातल्या बोर्डांमध्ये निकृष्ट कपॅसिटरमुळे हा दोष जगभर दिसला होता. आम्ही ते बदलून देतो, पण बोर्ड तेवढा जपण्यासारखा आहे का हे आधी बोलू.

अक्षरं येतात, पण गाडी पुढे जात नाही

पहिल्यांदा पेन ड्राइव्ह काढा. विसरून लागलेल्या पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायचा प्रयत्न करून "बूट डिव्हाइस" सापडत नाही म्हणणारे कॉम्प्युटर आम्ही दारातच बरे करून परत पाठवले आहेत.

पेन ड्राइव्ह नसेल तर हार्ड डिस्कला कान लावा. टक्-टक्, टक्-टक् असा एकसारखा आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा आणि पुन्हा सुरू करू नका. आत चकती मिनिटाला हजारो फेरे फिरते आणि वाचणारी सुई तिच्यापासून केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर तरंगते. ती घासायला लागली की तुमच्या प्रत्येक "अजून एकदा बघू"सोबत थोडे फोटो पुसले जातात. मुलाच्या बारशाचे फोटो, दहा वर्षांचा हिशेब, श्रीलिपीत टाइप केलेल्या फाइली बाजारात विकत मिळत नाहीत. डबा मिळतो. विंडोज नव्याने टाकून द्या म्हणणाऱ्यांना आम्ही नेहमी विचारतो, आतलं काय काय वाचवायचं? त्याचं उत्तर घरच्यांना विचारून या.

याला हात लावू नका

एसएमपीएसचा डबा उघडू नका. वायर काढल्यावरही आत 300 व्होल्टच्या वर दाब काही काळ साठून राहू शकतो. जुन्या, मागे फुगीर काचेच्या मॉनिटरचं तर नावच नको, तिथे आकडा हजारांत जातो. जळका वास आला तर पुन्हा बटण दाबून खात्री करू नका. तो वास कधी कधी पालीचाही असतो. उबेला आत शिरलेली पाल एसएमपीएसमध्ये अडकणं ही आमच्याकडे नवलाई राहिलेली नाही. मागच्या रिकाम्या फटींना पत्र्याच्या पट्ट्या लावून घ्या.

दुरुस्त करायचा की नाही

विंडोज 7 ची सुरक्षा अपडेट्स 14 जानेवारी 2020 ला थांबली, विंडोज 10 ची मोफत मदत 14 ऑक्टोबर 2025 ला. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका, एवढं आम्ही स्पष्ट सांगतो. पण टायपिंग, हिशेब, गाणी, मुलांचा अभ्यास यासाठी रॅम, एसएमपीएस किंवा सेल बदलून मशीन चालत असेल तर जरूर चालवा. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) घातली की जुनं मशीनही चटकन उठतं. मात्र बोर्डच गेला असेल तर आम्ही दुरुस्तीचा आग्रह धरत नाही. त्या काळचा बोर्ड आता जुनाच मिळतो, आणि जुन्याच्या जागी जुना घालून किती दिवस ढकलणार?

आणताना फक्त कॅबिनेट आणा. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, वायरी आमच्याकडे आहेत. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून द्या. खर्चाचा अंदाज सांगितल्याशिवाय आम्ही एकही भाग बदलत नाही, आणि काढलेला जुना भाग परत देतो.

स्कूटरवर आणणार असाल तर कॅबिनेट चादरीत गुंडाळा आणि आडवं ठेवा, उघडणारी बाजू वर, म्हणजे खड्ड्यात पंख्याचं वजन बोर्डाला हिसका देणार नाही. परत नेताना चादर आठवणीने घेऊन जा. आमच्याकडे सध्या तीन पडून आहेत, त्यातली एक चांगली नवी आहे.